राळ्याचा भात आणि परका मुलूख

गेल्या बाजाराच्या दिवशी उमरेडला मिरचीचा भाव विचारून परत निघालो होतो. एस.टी. स्टँडवर माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. जुनी म्हणजे किती जुनी, तर तिच्या थोरल्या मुलीचे नर्सिंगचे शिक्षणसुद्धा आता पुरे झाले आहे. तिने हातातली पिशवी खाली ठेवली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "गुरुजी, पोरगी जपानले जातो म्हून राहिली. तुमी घरी या जी एकदा. आमाले काही समजून नाही राहिलं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्या घरी गेलो. ओसरीत मुलीचा बाप कागदांचे भेंडोळे पुढे घेऊन बसला होता. तीन एकर जमीन, त्यात सोयाबीन आणि थोडी मिरची, एवढाच या घराचा पसारा. जपानला वृद्धांच्या सेवेच्या कामासाठी मुली पाठवतो असे सांगणारा कोणी मनुष्य त्यांना नागपुरात भेटला होता. त्याने चार लाख रुपये मागितले होते. त्यासाठी दीड एकर गहाण टाकावे की काय, असा घरात विचार चालला होता. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, एक शब्द बोलत नव्हती.

पैशाच्या गोष्टीकडे मागून येतो. आधी आईचे प्रश्न सांगतो, कारण खरी अडचण तिथे होती. ती म्हणाली, "तिथं काय खाईन थे? कोनासंग बोलन? अन बिमार पडली त कोन पाहीन तिच्याकडं?"

तीनच प्रश्न. पण परमुलखात राहिलेल्या माणसाला विचारून पाहा, तो सांगेल की चौथा प्रश्न नसतोच. आमच्या तरुणपणी उमरेडहून छोट्या लाईनच्या गाडीने नागपूरला शिकायला जाणे हाच परदेश होता. ती गाडीही २०१९ साली रुंद रुळांच्या कामासाठी बंद झाली. तेव्हा जपानबद्दल मी काय सांगणार? पण एका मराठी माणसाची हकीकत मला ठाऊक होती, आणि त्याच्यापुढेही हेच तीन प्रश्न उभे राहिले होते. ती त्या ओसरीत सांगितली. तुम्हालाही सांगतो.

हा माणूस म्हणजे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, त्यामुळे जुन्या लोकांना नाव माहीत असते. पण चित्रपटात गाणी आणि लढाई फार, भाकरतुकडा कमी. आपण भाकरतुकड्याचे बोलू.

कोटणिसांचा जन्म १९१० सालचा. मुंबईत डॉक्टरकी शिकले. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठी चढाई केली. चीनचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधे मागितली. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. वर्गणी गोळा झाली, पाच डॉक्टर निवडले गेले, आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईच्या बंदरातून त्यांची आगबोट सुटली. अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख, दोघे कलकत्त्याचे, एक कोटणीस, आणि उपप्रमुख कोण, तर आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर! सोलापूरच्या डॉक्टरचे नाव महाराष्ट्राच्या तोंडी राहिले आणि आमच्या नागपूरकराला नागपुरातच फारसे कोणी ओळखत नाही, याची मला थोडी खंत आहे. चोळकर इतरांपेक्षा वयाने बरेच मोठे होते. त्या वयात तो थंडीवाऱ्याचा प्रवास त्यांनी केला आणि १९३९ मध्ये ते परत आले. कोटणीस मात्र परत आले नाहीत. निघाले तेव्हा अठ्ठाविसावे वर्ष चालू होते.

"अठ्ठावीस!" आई म्हणाली. "आमची त तेवीसच वर्साची हाय."

बोट कँटनला लागली. तिथून नदीच्या वाटेने आणि मोटारीने आत आत जात हे लोक चुंगकिंग शहरी पोचले. तिथे कोटणिसांना घरची बातमी कळली की वडील वारले. आता विचार करा. हजारो मैलांवर घर, मागे आई आणि भावंडे, आणि पुढे ज्या मुलखात जायचे तिथे लढाई पेटलेली. सोबत्यांनी घरी परत जायला सांगितले. कोटणीस परत फिरले नाहीत. १९३९ च्या फेब्रुवारीत ते उत्तरेच्या डोंगरातल्या येनान गावी पोचले.

हे ऐकल्यावर मुलीचा बाप पहिल्यांदा बोलला, "हे काई बरं नाही केलं त्यानं." मी काही उत्तर दिले नाही. त्याचे म्हणणे चूक आहे असे मला अजूनही म्हणवत नाही.

आता पहिला प्रश्न, खाण्याचा. चीन म्हटले की आपल्याला वाटते तिथे सगळीकडे भात. तसे नाही. भात दक्षिणेला. उत्तरेचा मुलूख आपल्या कोरडवाहूसारखा, पाऊस कमी, माती पिवळी आणि भुसभुशीत. तिथे गरीब माणसाचे धान्य म्हणजे राळा. होय, आपलाच राळा. आपल्या म्हाताऱ्या बायका ज्याचा भात शिजवायच्या आणि आता जो पाहायलाही मिळत नाही, तोच. त्या सैन्याचे रोजचे जेवण राळ्याची पेज आणि राळ्याचा भात हेच असे. राळ्याच्या जोडीला ज्वारी. त्यांची ज्वारी आपल्यापेक्षा उंच, ताठ्यांची कुंपणे करतात, चुलीला जळण म्हणून वापरतात, आणि दाण्याची दारूही गाळतात. सोलापूरचा माणूस ज्वारीवर वाढलेला. पण तिथे ज्वारीची भाकरी नाही! पीठ थापून तव्यावर टाकण्याची रीतच नाही. पेज करतील, नाहीतर पिठाचे गोळे वाफेवर उकडतील. धान्य ओळखीचे आणि चव परकी, असा तो प्रकार. मला वाटते पूर्ण अनोळखी जेवणापेक्षा हे जास्त जिवाला लागत असेल.

आणि दूध नाही. चीनच्या शेतकऱ्याकडे बैल होता, पण गाय दुधासाठी पाळायची ही रीत त्या खेड्यांत नव्हती. म्हणजे दही नाही, ताक नाही, तूप नाही. चहा मिळायचा तो बिनदुधाचा आणि बिनसाखरेचा, आणि बहुतेक वेळा चहाही नाही, नुसते गरम पाणी. ते लोक पाणी उकळूनच पितात. पाहुणा आला की गरम पाण्याचा पेला पुढे करतात. ही सवय मात्र आपण घेण्यासारखी आहे, विशेषतः पावसाळ्यात. खत म्हणाल तर सोनखत. घराघरातले मैले जपून शेतात जायचे, त्याची विक्रीसुद्धा व्हायची. जेवण दोन काड्यांनी. कोटणीस काड्यांनी जेवायला शिकले, राळ्याला सरावले.

मुलीची आई म्हणाली, "राळं त माह्या आजीनं खाऊ घातलं मले. लहानपनी. साखर टाकून." आणि ती जराशी हसली. त्या सकाळी पहिल्यांदाच.

निजण्याची तऱ्हाही ऐकण्यासारखी आहे. येनानला लोक डोंगराच्या कडेला मातीत कोरलेल्या गुहांत राहत. ती माती अशी की खोदायला सोपी आणि कोरल्यावर उभी राहते. आत उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. पुढे कोटणीस हेबेई प्रांतातल्या डोंगरी खेड्यांत गेले. तिथल्या घरात विटामातीचा मोठा ओटा असतो, खोलीच्या निम्म्या भागाएवढा. शेजारच्या चुलीचा धूर ओट्याच्या पोटातून फिरवून बाहेर काढतात. स्वयंपाक होतो आणि त्याच जळणात ओटा तापतो. सगळे घर त्याच्यावर ओळीने निजते. आपल्याकडे पऱ्हाट्या जाळून धूर नुसता डोळ्यांत घालून घेतो, त्यापेक्षा ही युक्ती शहाणी. थंडी इतकी की पाणी गोठते. अंगात कापूस भरलेला जाड अंगरखा, गोधडीच शिवून घातल्यासारखा. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाने असे चार हिवाळे काढले.

दुसरा प्रश्न बोलण्याचा. चिनी भाषा कशी आहे ते एका शब्दाने सांगतो. 'मा' म्हणा. सूर सरळ लांबवला तर आई. सूर वर चढवला तर ताग. खाली नेऊन वर आणला तर घोडा. धाडकन खाली आपटला तर शिव्या देणे! आता परक्या माणसाने एखाद्या म्हातारीला आई म्हणायचे तर किती जपायला हवे. लिपीत बाराखडी नाही, प्रत्येक शब्दाला वेगळे चित्र, आणि वर्तमानपत्र वाचायचे तर दोन-तीन हजार चित्रे पाठ हवीत.

कोटणिसांनी ही भाषा शिकून घेतली. नुसती 'दुखते कुठे' एवढी नाही, तर वैद्यकीय शाळेतल्या मुलांना ते चिनीत शिकवू लागले. त्या लोकांनी पाचही डॉक्टरांना चिनी नावे दिली आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी 'हुआ' लावले. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले के दिहुआ. तिकडे आडनाव आधी, म्हणून 'के' हे आडनाव आणि खेड्यातले लोक 'के दाइफू' म्हणत, म्हणजे के डॉक्टर. त्यांच्या सावळ्या रंगावरून आणि मायेवरून बायाबापड्या 'काळी आई' म्हणत, असेही सांगतात.

दुसऱ्याच्या गावी जाऊन राहिलेला परका माणूस आपण नागपूरकरांनीही पाहिला आहे. जपानचे भन्ते सुरेई ससाई १९६० च्या दशकात भारतात आले आणि नागपूरच्या इंदोऱ्यात राहिले. इथल्या वस्तीतल्या माणसांत मिसळले, हिंदीत बोलू लागले आणि पुढे भारताचे नागरिक झाले. दीक्षाभूमीवर त्यांना पाहिलेली माणसे तुमच्याही गावात असतील. त्यांनाही पहिल्या दिवशी वरण-भातात हात घालताना काय वाटले असेल! आपण त्यांना कधी विचारले नाही, कारण आपल्याला आपले जेवण परके वाटत नाही.

पुढची हकीकत सांगताना मी थोडा अडखळलो. तिसरा प्रश्न आजाराचा होता, आणि त्याचे उत्तर मला ठाऊक होते.

कोटणीस १९४१ च्या जानेवारीत बेथून इस्पितळाचे संचालक झाले. बेथून हे कॅनडाचे डॉक्टर. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, त्यातून विष भिनले आणि १९३९ मध्ये ते तिथेच वारले. त्यांच्या नावाचे ते इस्पितळ. इस्पितळ म्हणजे इमारत समजू नका. खेड्यातली घरे, देवळे, आणि शत्रू जवळ आला की खेचरांवर सामान लादून डोंगरात पळ काढायचा. जखमी माणसांची रांग लागली की दिवसरात्र शस्त्रक्रिया चालत. तिथल्या वैद्यकीय शाळेत शिकवणाऱ्या परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी १९४१ च्या नोव्हेंबरात लग्न केले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. नाव ठेवले यिनहुआ. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन.

त्यांना फेफऱ्याचे झटके येऊ लागले होते. उपचारासाठी दुसरीकडे जा असे सांगूनही ते काम सोडून गेले नाहीत, असे त्यांच्याविषयी लिहिणारे सांगतात. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. वय बत्तीस. मूल साडेतीन महिन्यांचे.

हे सांगावे की नाही, याचा मी क्षणभर विचार केला होता. मुलीला धीर द्यायला गेलेला मनुष्य मरणाची गोष्ट सांगून येतो, असे कुणी म्हणेल. पण अर्धी गोष्ट सांगणारे त्या घरात आधीच एक जण येऊन गेले होते, चार लाखांचा आकडा घेऊन. मी दुसरा व्हायला नको होते.

बराच वेळ कुणी बोलले नाही. मग आईने विचारले, "कोन होतं जवळ?"

म्हटले, "बायको होती. गावचे लोक होते. शिकवलेली मुले होती."

"म्हंजे एकटा नोता."

"नव्हता."

पुढे गुओबाई भारतात आल्या, कोटणिसांच्या घरच्या माणसांना भेटल्या, एकदा नव्हे, अनेकदा. मुलगा डॉक्टरकी शिकत असताना १९६७ साली तोही तरुणपणी गेला. त्या स्वतः २०१२ पर्यंत होत्या. कोटणिसांची समाधी चीनमध्ये शिजियाझुआंग शहरात आहे आणि सोलापुरात त्यांच्या घरी स्मारक आहे.

"अन थे लढाई जपानसंगच होती ना?" बापाने विचारले. बरोबर पकडले त्याने. तेच जपान. ती लढाई १९४५ साली संपली आणि त्यानंतर त्या देशात दुसऱ्याच पिढ्या आल्या. आज तिथे दर दहा माणसांत जवळजवळ तीन माणसे पासष्टीच्या पुढची आहेत. मुले कमी, म्हातारे जास्त, आणि त्यांना उठवायला-बसवायला हात कमी. म्हणून बाहेरून माणसे बोलावतात. भारताशी २०१७ साली शिकाऊ कामगारांचा आणि २०२१ च्या जानेवारीत कुशल कामगारांचा करार झाला. सेवेचे काम या दोन्हींत येते. शिकाऊ योजनेच्या जागी नवी व्यवस्था आणण्याचा कायदा जपानने २०२४ मध्ये केला आहे, तेव्हा चालू नियम काय ते निघण्याआधी विचारूनच घ्यावे.

आता पैशाचे. माणसे परदेशी नोकरीला पाठवणाऱ्याकडे भारत सरकारच्या परराष्ट्र खात्याची नोंदणी लागते. नोंदलेल्यांची यादी 'ई-मायग्रेट' या सरकारी ठिकाणी कुणालाही पाहता येते. आणि नोकरी मिळवून देण्याबद्दल त्याने तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर यापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, असा नियम आहे. मुलीने तिथेच मोबाईल काढला आणि यादीत नाव शोधले. त्या माणसाचे नाव नव्हते. बापाने कागदांचे भेंडोळे उचलून फळीवर ठेवले. दीड एकराचा विषय त्यानंतर निघाला नाही.

मग मुलगी बोलू लागली. तिला बरेच काही ठाऊक होते, फक्त कुणी विचारले नव्हते. कुशल कामगार म्हणून जायचे तर जपानी भाषेची परीक्षा द्यावी लागते. जपानीच्या पाच पायऱ्या आहेत, पाचवी सर्वांत सोपी, आणि निदान चौथी यावी लागते. सेवेच्या कामासाठी निराळी परीक्षा. परवाना जास्तीत जास्त पाच वर्षांचा, आणि त्यात घरच्यांना सोबत नेता येत नाही. भात रोजचा, पण चिकट. भाजीच्या रश्शातसुद्धा माशाचे पाणी असते, म्हणून माळकरी घरच्या मुलीने आधीच विचार करावा. दारात चपला काढायच्या, हे आपल्यासारखेच. कचरा मात्र वारावारी वेगळा टाकायचा, जळणारा एका दिवशी, बाटल्या दुसऱ्या दिवशी, आणि चुकला तर शेजारी परत आणून ठेवतात. टोकियोच्या एदोगावा भागात तर आपली इतकी माणसे राहतात की तिथे २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडणूक जिंकून नगरसेवक झाले.

"पर हिले काम शहरातच भेटन असं थोडी हाय," आई म्हणाली.

खरे आहे. म्हातारी माणसे खेड्यांत जास्त. एखाद्या डोंगरातल्या गावी, जिथे महिना महिना मराठी शब्द कानावर पडणार नाही, तिथेही जावे लागेल. मी मुलीला एवढेच सांगितले की करारात पगार किती, घरभाडे किती कापणार, आजारपणाचा विमा कोणाचा आणि काम सोडायचे झाले तर काय, या चार गोष्टी तुला वाचता येतील अशा भाषेत लिहून माग. आणि पासपोर्ट कुणी ठेवून घेतो म्हणाला तर देऊ नको.

तिने विचारले, "गुरुजी, कोटणीस डॉक्टरांना भाषा शिकायला किती दिवस लागले?"

म्हटले, "फेब्रुवारी एकोणचाळीसला पोचले आणि एक्केचाळीसच्या आरंभी इस्पितळ चालवत होते. तूच हिशेब कर."

तिने बोटांवर मोजले. मग आत जाऊन वही आणली. गेल्या चार महिन्यांत तिने त्यात जपानी अक्षरे गिरवली होती, पानामागून पान, आपल्याकडे पहिलीची मुले 'ग' गिरवतात तशी. आईने ती वही तेव्हा पहिल्यांदा पाहिली. उलटसुलट करून पाहिली, आणि मोठ्या अक्षरातल्या एका पानावर बोट ठेवून विचारले, "हे काय हाय?"

"आई," मुलगी म्हणाली. "त्यांच्या भाषेत, हाहा."

"हाहा? मले हसून राहिले का थे?"

घरातले सगळेच हसले. चहा झाला, दुधाचा. निघताना आई अंगणापर्यंत आली. मला वाटले आता पुन्हा जपानचेच काही विचारील. पण ती म्हणाली, "गुरुजी, आपल्याकडं राळं कुठं भेटन आता? बियाले मूठभर भेटलं तरी चालन."

मी बऱ्याच ठिकाणी विचारले आहे. कुणा वाचकाच्या घरी राळ्याचे बी असेल तर कळवावे.